इफएल्स तारखा का खातं, आणि त्याच्या जागी आपलं ‘जरतर’ कसं लिहायचं

जून लागला की मराठवाड्यात ज्याच्या त्याच्या संगणकावर पावसाची फाईल उघडलेली असते. परभणीच्या कृषी विद्यापीठातला संशोधक विद्यार्थी असो, नांदेडला संख्याशास्त्र शिकणारी मुलगी असो किंवा तालुक्याचा अहवाल तयार करणारा कर्मचारी असो. यातले जे आर ही आकडेमोडीची संगणकभाषा वापरतात, त्यांच्या कोडमध्ये एक फंक्शन हमखास सापडतं, ते म्हणजे इफएल्स. अट द्या, खरी असेल तर काय ते द्या, खोटी असेल तर काय ते द्या, की अख्ख्या स्तंभाचं काम एका ओळीत होतं.

होतं खरं, पण काही ठिकाणी ते गपचूप चुकतं. चूक दाखवत नाही, इशारा देत नाही, आणि आकडा मात्र बदललेला असतो. या लेखात आपण ते कुठे चुकतं हे आधी बघू आणि मग त्याच्या जागी वापरता येईल असं फंक्शन पायरीपायरीने लिहू. आर ४.१ किंवा त्यापुढची आवृत्ती असली की पुरे.

लिहिण्याच्या सोयीसाठी इथला सगळा कोड देवनागरीत आहे. प्रत्यक्ष टाइप करताना आरची मूळ नावं आणि अंक रोमन लिपीतच टाकायचे. व्हेरिएबलची नावंही रोमनमध्ये ठेवा, काना-मात्रांवरून उगाच भांडण नको.

आधी फाईल नीट करा

परभणी तालुक्यातली पाच महसूल मंडळं घेऊ. पावसाचे आकडे फक्त सरावापुरते आहेत.

```
मंडळ      पाऊस
परभणी     ६८.५
पिंगळी     ७१
दैठणा     १२
झरी       निरंक
जांब
```

झरीपुढे ‘निरंक’ आहे आणि जांबपुढे काहीच नाही. कार्यालयात बसलेल्या माणसाला यातला फरक सांगावा लागत नाही. निरंक म्हणजे मोजलं आणि पाऊस शून्य निघाला, रिकामं म्हणजे आकडाच आला नाही. आरला मात्र हे कळत नाही. हा स्तंभ सरळ अ‍ॅज.न्यूमरिकला दिला तर दोन्ही ठिकाणी एनए, म्हणजे ‘मूल्य माहीत नाही’, असं येतं. निरंकसाठी निदान इशारा मिळतो, रिकाम्या जागेसाठी तोही नाही. म्हणून आकड्यात रूपांतर करण्याआधी निरंकच्या जागी शून्य टाकून घ्या:

```
पाऊस[पाऊस %इन% "निरंक"] <- "०"
पाऊस <- अ‍ॅज.न्यूमरिक(पाऊस)
```

इथे दोन बरोबरच्या चिन्हांऐवजी %इन% मुद्दाम वापरलंय. स्तंभात कुठे एनए असेल तर बरोबरची तुलना एनए देते, %इन% मात्र नेहमी ट्रू किंवा फॉल्सच देतं.

आता २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर त्या मंडळात अतिवृष्टी, हा आपल्याकडचा ओळखीचा निकष लावू:

```
इफएल्स(पाऊस > ६५, "अतिवृष्टी", "नाही")
```

उत्तर येतं: अतिवृष्टी, अतिवृष्टी, नाही, नाही, एनए. अगदी बरोबर. जांबचा आकडाच नाही, तर निकाल तरी कुठून येणार? साधा अक्षरी मजकूर किंवा साधे आकडे असतील तोवर इफएल्स असंच बरं वागतं, म्हणून तर त्याच्यावर कुणाला संशय येत नाही.

आता ते चुकताना बघा

पहिली गोष्ट तारखांची. पावसाने ताण दिला की दुबार पेरणी होते. समजा दोन शेतं आहेत. दोन्हींची पहिली पेरणी २० जून २०२४ ची आणि दुसऱ्या शेतात ५ जुलैला पुन्हा पेरावं लागलं. पीक किती दिवसांचं झालं हे काढायला शेवटची पेरणी हवी:

```
पहिली <- अ‍ॅज.डेट(सी("२०२४-०६-२०", "२०२४-०६-२०"))
दुबार <- अ‍ॅज.डेट(सी(एनए, "२०२४-०७-०५"))
इफएल्स(इज.एनए(दुबार), पहिली, दुबार)
```

उत्तर: १९८९४ आणि १९९०९. हे १ जानेवारी १९७० पासून मोजलेले दिवस आहेत. आर तारीख आत अशीच साठवतं, आणि वर ‘ही तारीख आहे’ अशी एक चिठ्ठी लावून ठेवतं. इफएल्समध्ये ती चिठ्ठी गळून पडली. बरेच जण बाहेरून पुन्हा अ‍ॅज.डेट लावून वेळ मारून नेतात आणि तारखेपुरतं ते चालूनही जातं. पण पिकाचं नाव फॅक्टर असेल (म्हणजे आत क्रमांक आणि वर त्यांची ठरावीक नावं, अशा प्रकारचा स्तंभ) तर कापूस, तूर, सोयाबीन यांच्या जागी १, २, ३ येतात. त्यातला कुठला आकडा कुठल्या पिकाचा, हे उत्तराकडे बघून सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट जास्त घातक आहे. मराठवाड्यात आज आठ जिल्हे आहेत, पण १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली वेगळा होईपर्यंत सात होते. जुन्या तक्त्यातून सरासरी पाऊस उचललात तर हातात सातच आकडे येतात. आठ जिल्ह्यांच्या अटीला हे सात आकडे देऊन बघा. इफएल्स हूं की चूं करत नाही. आठव्या जिल्ह्याला ते पहिल्या जिल्ह्याचा आकडा देऊन टाकतं. गंमत म्हणजे हेच आठ आणि सात लांबीचे दोन स्तंभ नुसते बेरजेला लावले असते, तर लांबी जुळत नाही म्हणून आरने लगेच इशारा दिला असता. इफएल्स आतून रेप वापरून आकडे लांबवतं, त्यामुळे इशाऱ्याची वेळच येत नाही. नवा जिल्हा यादीत शेवटीच जोडला असेल असंही नाही. तो मध्ये असेल तर त्याच्या खालचे सगळेच आकडे एकेका जिल्ह्याने सरकतात.

तिसरी गोष्ट उत्तराच्या प्रकाराची. एखाद्या दिवशी तालुक्यातला एकही आकडा आला नाही तर सगळ्या अटी एनए होतात. अशा वेळी "अतिवृष्टी" आणि "नाही" हे दोन्ही अक्षरी पर्याय देऊनसुद्धा उत्तर अक्षरी येत नाही, लॉजिकल (ट्रू-फॉल्सच्या प्रकारचं) येतं. रिकामी फाईल दिली तरी तेच. रोजच्या फाईली व्हीअप्लायने एकामागून एक चालवत असाल आणि प्रत्येक वेळी अक्षरी उत्तर हवं असं सांगितलं असेल, तर नेमका त्या दिवशी प्रोग्राम अडतो, आणि कोडमध्ये तर एक अक्षरही बदललेलं नसतं.

या तिन्हींचं मूळ एकच

आरमध्ये कंसांशिवाय नुसतं इफएल्स लिहून एंटर दाबा, त्याचा मूळ कोड समोर येतो. फार ओळी नाहीत. जरूर वाचा, यापेक्षा चांगला धडा नाही. मधली कलमं सोडली तर सार एवढंच: आधी अटीची प्रत करून तिलाच उत्तर म्हणायचं. मग जिथे अट खरी तिथे ‘हो’मधली मूल्यं कोंबायची, जिथे खोटी तिथे ‘नाही’मधली. एनए असेल ती जागा तशीच राहते.

म्हणजे उत्तराचा सांगाडा अटीचा असतो आणि मांस पर्यायांचं. लांबी अटीची, नावं अटीची, आणि वर्ग, म्हणजे ती चिठ्ठी, तोही अटीचाच. अट लॉजिकल, तिला तारखेची चिठ्ठी नाही, म्हणून उत्तरालाही नाही. एकही मूल्य कोंबलं गेलं नाही तर उत्तर लॉजिकलच राहणार, कारण ते मुळात अटच होतं.

हे काही लपलेलं गुपित नाही. इफएल्सच्या मदतपानावर स्वच्छ लिहिलंय की उत्तराचा वर्ग अटीकडून येतो आणि तो निवडलेल्या मूल्यांना शोभेलच असं नाही. मग मूळ फंक्शनच का बदलत नाहीत? आर १.०.० ही आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० ला आली. तेव्हापासून जगभर लिहिलेला कोड इफएल्सच्या याच वागण्यावर उभा आहे. तारखेचा आकडा होणार हे धरूनच कुणीतरी पुढची ओळ लिहिलेली असते. ती मोडण्यापेक्षा नवं फंक्शन लिहिणं शहाणपणाचं.

नियम आधी ठरवा

थेट कोडकडे धावू नका. आपल्या फंक्शनने कुठे नरम वागायचं आणि कुठे अडून बसायचं, हे कागदावर ठरवा. मी ठरवलेले नियम असे.

अट लॉजिकलच हवी. लांबी आणि मांडणी अटीची, पण प्रकार आणि वर्ग पर्यायांचा. पर्यायाची लांबी एक किंवा अटीएवढी, तिसरं काही आलं की थांबायचं. तारीख आणि आकडा, आकडा आणि अक्षरं अशी सरमिसळ चालणार नाही. पूर्णांक आणि दशांश मात्र एकत्र चालतील, नाहीतर रोजच्या कामात जीव नकोसा होईल. नुसता एनए कुणाबरोबरही चालेल. आणि अट एनए असेल तिथे काय भरायचं हे वापरणाऱ्याला सांगता आलं पाहिजे.

अट लॉजिकलच हवी हा नियम काहींना जाचक वाटेल. इफएल्स आकडाही अट म्हणून घेतं आणि शून्याला खोटं मानतं. पण ‘पाऊस’ एवढंच लिहून ‘पाऊस शून्याहून जास्त’ असा अर्थ काढायचा, हे तीन महिन्यांनी कोड वाचणाऱ्याला कळत नाही. बरं, हवामान खात्याच्या हिशेबात २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला तरच तो पावसाचा दिवस. तेव्हा अट पूर्ण लिहिलेली बरी.

फंक्शन लिहा

आधी दोन छोटे मदतनीस:

```
नुसता_एनए <- फंक्शन(क्ष) इज.लॉजिकल(क्ष) && ऑल(इज.एनए(क्ष))

जुळतात <- फंक्शन(अ, ब) {
  नुसता_एनए(अ) || नुसता_एनए(ब) ||
    (इज.न्यूमरिक(अ) && इज.न्यूमरिक(ब)) ||
    आयडेंटिकल(क्लास(अ), क्लास(ब))
}
```

इज.न्यूमरिक इथे नेमकं कामी येतं. तारीख आतून आकडाच असली तरी तारखेला आणि फॅक्टरला इज.न्यूमरिक फॉल्सच म्हणतं. त्यामुळे तारीख आणि साधा आकडा समोरासमोर आले की गाडी शेवटच्या ओळीवर जाते, वर्ग जुळत नाहीत आणि उत्तर फॉल्स.

आता मुख्य फंक्शन:

```
जरतर <- फंक्शन(अट, हो, नाही, रिकामे = एनए) {
  न <- लेंग्थ(अट)
  इफ (!इज.लॉजिकल(अट)) स्टॉप("अट लॉजिकल हवी")
  इफ (!(लेंग्थ(हो) %इन% सी(१, न)))
    स्टॉप("‘हो’ची लांबी १ किंवा ", न, " हवी")
  इफ (!(लेंग्थ(नाही) %इन% सी(१, न)))
    स्टॉप("‘नाही’ची लांबी १ किंवा ", न, " हवी")
  इफ (लेंग्थ(रिकामे) != १) स्टॉप("‘रिकामे’ एकच हवं")
  इफ (!जुळतात(हो, नाही) || !जुळतात(हो, रिकामे) ||
      !जुळतात(नाही, रिकामे)) स्टॉप("पर्यायांचे प्रकार जुळत नाहीत")

  साचा <- इफ (नुसता_एनए(हो)) नाही[०] एल्स
          इफ (नुसता_एनए(नाही)) हो[०] एल्स
          सी(हो[०], नाही[०])
  उत्तर <- साचा[रेप(एनए_इंटिजर_, न)]

  क <- व्हिच(अट)
  उत्तर[क] <- इफ (लेंग्थ(हो) == १) हो एल्स हो[क]
  क <- व्हिच(!अट)
  उत्तर[क] <- इफ (लेंग्थ(नाही) == १) नाही एल्स नाही[क]
  उत्तर[इज.एनए(अट)] <- रिकामे

  नेम्स(उत्तर) <- नेम्स(अट)
  इफ (!इज.नल(डिम(अट)))  {
    डिम(उत्तर) <- डिम(अट)
    डिमनेम्स(उत्तर) <- डिमनेम्स(अट)
  }
  उत्तर
}
```

यातल्या साच्याच्या ओळींवर जरा थांबा, सगळं मर्म तिथे आहे. हो[०] म्हणजे ‘हो’मधलं एकही मूल्य न घेता फक्त त्याचा प्रकार घेणं: शून्य लांबीची तारीख, शून्य लांबीचा फॅक्टर. दोन्ही पर्यायांचे असे रिकामे तुकडे सी या फंक्शनने जोडले की दोघांना सामावणारा प्रकार मिळतो. पूर्णांक आणि दशांश असतील तर दशांश. दोन फॅक्टर असतील तर दोघांच्या सगळ्या पातळ्या (म्हणजे ठरावीक नावं) असलेला एक फॅक्टर. फॅक्टर असे जोडले जाणं ४.१ आवृत्तीपासून सुरू झालं, त्याआधी सी त्यांचे आकडे करून टाकायचं. आवृत्तीची अट सुरुवातीला घातली ती यासाठी.

नुसत्या एनएला बाजूला काढण्याचं कारण वेगळं आहे. सी कसं जोडायचं ते पहिल्या मूल्याचा वर्ग बघून ठरवतं. तारीख आधी आणि एनए नंतर असेल तर तारीख टिकते. एनए आधी आणि तारीख नंतर असेल तर गेली! आपल्या फंक्शनमध्ये पर्यायांचा क्रम बदलल्याने उत्तर बदलायला नको, म्हणून एनए असलेली बाजू साच्यात घ्यायचीच नाही.

साचा[रेप(एनए_इंटिजर_, न)] या ओळीने हव्या त्या प्रकारच्या न रिकाम्या जागा तयार होतात. तारखेचा साचा असेल तर एनए तारखा, अक्षरी असेल तर अक्षरी एनए. न शून्य असेल तरी प्रकार टिकतो, म्हणजे रिकाम्या फाईलचा प्रश्न वेगळं कलम न घालता सुटला. नेम्सची ओळ अनावश्यक समजून काढू नका. ‘हो’ला नावं असतील तर या रिकाम्या जागांना विचित्र नावं चिकटतात, ती तिथे पुसली जातात.

तपासा

जिथे जुनं फंक्शन पडलं तिथेच नव्याला उभं करा. स्टॉपइफनॉट आणि आयडेंटिकल यांची जोडी पुरते:

```
स्टॉपइफनॉट(
  आयडेंटिकल(जरतर(इज.एनए(दुबार), पहिली, दुबार),
            अ‍ॅज.डेट(सी("२०२४-०६-२०", "२०२४-०७-०५"))),
  आयडेंटिकल(जरतर(एनए, "अतिवृष्टी", "नाही"), एनए_कॅरेक्टर_),
  आयडेंटिकल(जरतर(लॉजिकल(०), "अ", "ब"), कॅरेक्टर(०)),
  आयडेंटिकल(जरतर(सी(ट्रू, एनए), १, ०, रिकामे = -१), सी(१, -१))
)
```

काहीच छापून आलं नाही म्हणजे सगळं पार पडलं. फंक्शन जिथे थांबायला हवं तिथे थांबतं का हेही बघा. आठ जिल्ह्यांना सात आकडे द्या, तारखेसमोर शून्य ठेवा, आणि ट्रायने गुंडाळून चूक खरंच येते याची खात्री करा. तपासणीचा हा अर्धा भाग बहुतेक जण वगळतात.

पावसाच्या फाईलवर आता ‘रिकामे’चा उपयोग करून घ्या:

```
जरतर(पाऊस > ६५, "अतिवृष्टी", "नाही", रिकामे = "आकडा अप्राप्त")
```

जांबपुढे आता ‘आकडा अप्राप्त’ येतं. अहवाल वाचणाऱ्याला एनए म्हणजे काय हे विचारावं लागत नाही.

काय सुटलं नाही

इफएल्स आणि जरतर यांच्यात एक फरक लक्षात ठेवा. एकही अट खरी नसेल तर इफएल्स ‘हो’ला हातच लावत नाही, ते गणित होतच नाही. जरतर लांबी आणि प्रकार तपासायला दोन्ही पर्याय प्रत्येक वेळी मोजतं. उत्तराचा प्रकार कायम ठेवायचा तर दोन्ही बाजू बघाव्याच लागतात, ही त्याची किंमत. मला ती मान्य आहे. तुमचा ‘हो’ म्हणजे तासभर चालणारं गणित असेल तर तुम्हाला नसेल.

आणि एक दुखणं दोघांचंही आहे. जरतर(पाऊस > ०, लॉग(पाऊस), एनए) असं लिहिलंत तर लॉग आधी अख्ख्या स्तंभाचा निघतो आणि मग निवड होते. स्तंभात उणे आकडे असतील तर इशारा येणारच, कारण अट लॉगपर्यंत पोहोचलेलीच नसते. तयार पॅकेजमधली फंक्शनंही याला अपवाद नाहीत. अशा ठिकाणी जरतर सोडा आणि सरळ लिहा:

```
लॉगपाऊस <- रेप(एनए_रिअल_, लेंग्थ(पाऊस))
क <- व्हिच(पाऊस > ०)
लॉगपाऊस[क] <- लॉग(पाऊस[क])
```

तयार पॅकेजचं म्हणाल तर डेटा.टेबलमधलं एफइफएल्स आणि डिप्लायरमधलं इफ_एल्स ही दोन्ही चांगली आहेत. दोघंही तारीख टिकवतात आणि आठाला सात दिले की अडतात. एफइफएल्स सी भाषेत लिहिलेलं असल्याने लाखो ओळींवर जरतरपेक्षा नक्कीच वेगवान. इफ_एल्सचे जुने धडे वाचताना एनएऐवजी एनए_कॅरेक्टर_ लिहा असा सल्ला दिसेल. डिप्लायर १.१.० पासून त्याची गरज उरलेली नाही. पॅकेज आधीच वापरत असाल तर तेच वापरा. जरतर उपयोगी पडतं ते पॅकेज टाकायची मुभा नसलेल्या कार्यालयातल्या संगणकावर, किंवा एका फंक्शनसाठी अख्खं पॅकेज ओढायचं नसेल तेव्हा.

शेवटी, एकात एक घातलेल्या इफएल्सबद्दल. पावसाचे वर्ग पाडायला चार-पाच इफएल्स एकमेकांच्या पोटात घालायची सवय फार जणांना आहे, आणि तिथे जरतर घातलं तरी कंस मोजतच बसावं लागतं. आकड्याचे गट पाडायचे तर कट वापरा. हवामान खात्याच्या वर्गवारीत जोरदार पाऊस ६४.५ मिलिमीटरपासून, अति जोरदार ११५.६ पासून आणि अत्यंत जोरदार २०४.५ पासून धरतात:

```
कट(पाऊस, सी(-इन्फ, ६४.५, ११५.६, २०४.५, इन्फ), राइट = फॉल्स,
   लेबल्स = सी("त्याहून कमी", "जोरदार", "अति जोरदार", "अत्यंत जोरदार"))
```

राइट = फॉल्स विसरू नका, नाहीतर नेमका ६४.५ चा आकडा खालच्या गटात पडतो. कटचं उत्तर फॅक्टर असतं. ते पुढे जरतरमध्ये अक्षरी पर्यायासोबत द्यायचं असेल तर आधी अ‍ॅज.कॅरेक्टर करून घ्या, नाहीतर प्रकार जुळत नाहीत म्हणून जरतर तिथेच थांबेल.